कंदील आणि दीपमाळ : सपाट पडद्याच्या टी.व्ही.ची निवड

कपाशीचे किंवा सोयाबीनचे पैसे हाती आले, की आपल्या भागातील पुष्कळ घरांत टी.व्ही.चा विषय निघतो. आधी जाफराबादच्या बाजारात चौकशी होते, मग देऊळगाव राजा, चिखली किंवा जालना येथे एखादी चक्कर होते. दुकानात भिंतभर पडदे एकाच वेळी चमकत असतात आणि प्रत्येकाखाली निराळे नाव असते : एल.ई.डी., क्यू.एल.ई.डी., मिनी एल.ई.डी., ओ.एल.ई.डी. विक्रेता भराभर बोलत असतो. ग्राहक मान डोलावतो आणि शेवटी शेजाऱ्याने जो संच घेतला तोच घेऊन घरी येतो. यात त्याचा दोष नाही. नावांचा अर्थच कोणी समजावून सांगितलेला नसतो.

मी कला शाखेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण आहे. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी लोकवर्गणीतून टी.व्ही. घ्यावयाचे ठरले. वर्गणी पन्नास-शंभर रुपयांनी जमली होती. मजुरी करणाऱ्या बायांनीही तीत आपला वाटा घातला होता. निवडीच्या कामात मला घेण्यात आले, ते केवळ मी महाविद्यालयात शिकतो म्हणून. समितीतील एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, "पोरा, पैसा गावाचा हाये. दुकानदार काय म्हणतो ते नको सांगू, पडद्याच्या मागं काय हाये ते सांग." त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, पाहिले आणि मोजले, ते मित्रांपुढे ठेवीत आहे.

चित्रनलिकेचा काळ

सपाट पडद्याचे महत्त्व कळण्यासाठी आधीच्या पेटीकडे थोडे पाहावे लागते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन याने १८९७ मध्ये कॅथोड किरणांची नलिका तयार केली. निर्वात काचनळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो, तो पुढच्या काचेच्या आतील लेपावर आदळतो आणि तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. हा ठिपका ओळीमागून ओळ विजेच्या वेगाने फिरविला की चित्र तयार होते. झोताला फिरण्यास जागा हवी म्हणून नळी खोल हवी, नळी खोल म्हणून पेटी मोठी आणि काच जाड म्हणून वजन भारी. जुना संच कोनाड्यात मावत नसे, त्याचे कारण हे होय.

आपल्या देशात दूरचित्रवाणी १९५९ मध्ये दिल्लीत आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत सुरू झाली. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि संचांची मागणी वाढली. त्याच दशकात आपल्या शेजारी, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. मराठवाड्यात तयार झालेला संच देशभर जाऊ लागला, ही आपल्या भागाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

याच कंपनीच्या इतिहासात पडद्याच्या निवडीचा एक मोठा धडा आहे. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय विकत घेतला. त्यात पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीन येथील कारखाने होते. त्या वेळी जगात नलिकेचे संच पुष्कळ विकले जात होते आणि सपाट पडदे महाग होते. पण सपाट पडद्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या आणि २००७-०८ च्या सुमारास जगाच्या बाजारात त्यांची विक्री नलिकेच्या पुढे गेली. नलिकांचे कारखाने जगभर एकामागून एक बंद पडत गेले. पुढे २०१८ मध्ये व्हिडिओकॉनवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तिला तेल, दूरध्वनी, कर्ज अशी इतर अनेक कारणे होती, हे खरे. तरीसुद्धा पडद्याच्या आत काय आहे आणि त्याचे आयुष्य किती, हा प्रश्न किती वजनाचा आहे ते यावरून ध्यानात यावे.

कंदील

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दुकानात नावे कितीही असली, तरी घरगुती सपाट पडद्यांची कुळे दोनच आहेत. एक कंदिलाचे, दुसरे दीपमाळेचे.

दिवाळीचा आकाशकंदील डोळ्यांसमोर आणावा. आत एकच दिवा असतो. बाहेरचा रंगीत कागद स्वतः प्रकाश देत नाही. तो आतील प्रकाश कोठे अडवितो, कोठे सोडतो आणि त्याला रंग देतो. द्रवस्फटिकाचा पडदा, म्हणजेच एल.सी.डी., नेमका असा आहे. मागे पांढरा दिवा आणि पुढे लक्षावधी सूक्ष्म झडपा.

या झडपांचा शोध एका वनस्पतिशास्त्रज्ञामुळे लागला, हे कला शाखेच्या वाचकांना ऐकावयास आवडेल. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीड्रिख राइनित्झर हा गाजरापासून काढलेल्या एका पदार्थाचा अभ्यास करीत होता. तो पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळला, पण गढूळच राहिला. आणखी तापविल्यावर १७८.५ अंशाला तो एकाएकी स्वच्छ झाला. या दोन तापमानांच्या मधली अवस्था द्रवाप्रमाणे वाहणारी, पण स्फटिकाप्रमाणे शिस्त पाळणारी होती. तिलाच द्रवस्फटिक म्हणतात. या विषयात भारताचाही वाटा आहे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. पुढे अशाच द्रव्यांची पातळ फिल्म बाजूने दिसणारे चित्र सुधारण्यासाठी पडद्यांत वापरली गेली.

झडप कशी चालते? प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांना कंप पावतात. विशिष्ट प्रकारची फिल्म त्यांतील एकाच दिशेचा कंप पलीकडे जाऊ देते. अशा दोन फिल्म एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवल्या की प्रकाश पूर्ण अडतो. त्या दोहोंच्या मध्ये द्रवस्फटिक भरले की ते प्रकाशाचा कंप वळवून देते आणि वाट मोकळी होते. विजेचा दाब दिला की स्फटिकाचे रेणू आपली मांडणी बदलतात. दाब कमी-अधिक करून प्रत्येक झडप हवी तेवढी उघडता येते. उन्हाची चमक अडविणारा पोलराइज्ड चष्मा घेऊन त्यातून साध्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांकडे पाहावे आणि चष्मा हळूहळू फिरवावा. एका ठिकाणी आकडेच नव्हे, तर सगळी पट्टी काळी पडते.

आता नावांचा घोळ सुटतो. पूर्वीच्या एल.सी.डी. संचांत मागचा दिवा बारीक ट्यूबलाइटचा असे. पुढे तेथे एल.ई.डी. दिवे बसविले गेले आणि दुकानदारांनी संचाचेच नाव 'एल.ई.डी. टी.व्ही.' ठेवले. पडदा तोच, दिवा बदलला. पांढऱ्या एल.ई.डी.च्या मुळाशी निळा एल.ई.डी. आहे आणि त्याच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे दिव्यातील सुधारणा लहान नव्हती. वीज वाचली, पडदा पातळ झाला आणि ट्यूबमधला पारा गेला.

'क्यू.एल.ई.डी.' हाही कंदीलच. त्याच्या दिव्यापुढे क्वांटम कणांची फिल्म असते. हे कण निळा प्रकाश घेऊन शुद्ध लाल व हिरवा प्रकाश देतात, त्यामुळे रंग अधिक भरदार दिसतात. या कणांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. 'मिनी एल.ई.डी.' म्हणजे मागे थोड्या मोठ्या दिव्यांऐवजी पुष्कळ बारीक दिव्यांचे गट. चित्रात जेथे अंधार असेल तेथील गट मंद करता येतो. कंदील तोच, वाती मात्र अनेक.

कंदिलाचा मूळ दोष एकच. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा प्रकाश झिरपतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग काळा न दिसता करडा दिसतो. येथे झडपांचे दोन मुख्य प्रकार ध्यानात ठेवावेत. 'आय.पी.एस.' प्रकारात काळेपणा कमी असतो, पण बाजूला बसलेल्यालाही रंग जवळजवळ तेच दिसतात. 'व्ही.ए.' प्रकारात काळा रंग बराच गडद येतो, पण बाजूने पाहिल्यास चित्र फिके पडते. खोक्यावर हे बहुधा छापलेले नसते आणि दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. पाहण्याच्या सुखात मात्र या फरकाचा वाटा मोठा आहे.

दीपमाळ

देवळापुढची दीपमाळ निराळी. तेथे प्रत्येक पणती स्वतः जळते. जी विझविली तेथे खरा अंधार. या कुळातील पहिला घरगुती पडदा म्हणजे प्लाझ्मा. त्याचा जन्म अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६४ मध्ये झाला, तोही करमणुकीसाठी नव्हे, तर 'प्लेटो' नावाच्या संगणकाद्वारे शिक्षण देण्याच्या योजनेसाठी. बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन हे त्याचे जनक. त्यात वायूने भरलेल्या सूक्ष्म कोठड्या विजेने पेटतात. चित्र सुंदर येई, पण वीज फार लागे आणि पडदा तापे. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबविले. आज कोणी जुना प्लाझ्मा संच स्वस्तात देऊ केला तर तो घेऊ नये; त्याचे भाग मिळणे कठीण.

आजची दीपमाळ म्हणजे ओ.एल.ई.डी. यातील 'ओ' हे अक्षर सेंद्रिय द्रव्याचे आहे. कार्बनयुक्त द्रव्याच्या अतिशय पातळ थरातून वीज गेली की तो थर स्वतः उजळतो. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ईस्टमन कोडॅक कंपनीत हे साधल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये सोनीने ११ इंची पहिला टी.व्ही. बाजारात आणला. 'फोर-के' पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० असे ८२,९४,४०० ठिपके असतात. म्हणजे त्र्याऐंशी लाखांच्या जवळपास पणत्यांची ही दीपमाळ. त्यातील प्रत्येक पणती स्वतंत्रपणे विझते, म्हणून रात्रीच्या दृश्यातील अंधार येथे खरा अंधार असतो. बाजूने पाहिले तरी चित्र फारसे बदलत नाही.

मग सर्वांनी हाच का घेऊ नये? तीन कारणे आहेत. एक, किंमत. दोन, तेल संपावे तशी ही सेंद्रिय द्रव्ये वापराने क्षीण होतात. एकच स्थिर आकृती, उदाहरणार्थ वाहिनीचे चिन्ह किंवा बातम्यांची पट्टी, रोज तासन्‌तास दाखविली, तर त्या जागेच्या पणत्या अधिक झिजतात आणि तेथे छाया उरू शकते. नव्या संचांत यावर उपाय केलेले आहेत, पण धोका पूर्णपणे गेलेला नाही. तीन, त्याचा खरा गुण अंधारात दिसतो. भर उजेडात पडद्याच्या काचेवरच दाराचे प्रतिबिंब पडते. मग काळा रंग किती काळा होता, हे पाहणार कोण?

क्यू.एल.ई.डी. आणि ओ.एल.ई.डी. या नावांत एका अक्षराचा फरक आहे, पण एक कंदील आहे आणि दुसरी दीपमाळ. गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसते ते येथे.

डोळा, अंतर आणि ठिपके

दुसरा घोळ ठिपक्यांचा. विक्रेता म्हणतो, "फोर-केच घ्या." परंतु निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा दिसतो. हिशेब केला तर आठ फुटांवरून सुमारे ०.७ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके सुटे दिसत नाहीत. ३२ इंची पडद्याची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर. साध्या एच.डी. पडद्यात आडवे १,३६६ ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका ०.५२ मिलिमीटरचा. सहा फुटांपलीकडून तोही दिसत नाही. तेव्हा आपल्या बैठकीच्या खोलीत ३२ इंची पडद्यावर त्याहून बारीक ठिपक्यांसाठी पैसे मोजणे व्यर्थ होय.

शिवाय आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? दूरदर्शनच्या फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या असतात. अशा चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांहूनही कमी ठिपके येतात. फोर-के संच उरलेले ठिपके अंदाजाने भरतो. ज्या घरात केवळ फ्री डिश आहे, तेथे महाग पडदा चित्रात नवीन काही आणू शकत नाही; उलट मोठ्या पडद्यावर उणिवा अधिक दिसतात. ज्या घरात चांगली इंटरनेट जोडणी आहे, तेथील गोष्ट निराळी.

मागच्या बाकावरून

आता आमच्या शाळेचा निर्णय. जमलेल्या रकमेत दोन संच बसत होते : एक ४३ इंची क्यू.एल.ई.डी. आणि दुसरा ५५ इंची साधा एल.ई.डी. पर्यायाचा फोर-के संच. समितीतील काहींचे मत पहिल्याकडे होते. गावाचा पैसा आहे तर वस्तू नावाजलेली असावी, ही त्यामागची भावना मनापासूनची होती.

आम्ही वर्गात टेप घेऊन गेलो. पहिली ओळ पडद्यापासून पाच फुटांवर, शेवटची वीस फुटांवर. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील सहा मीटरवरून वाचावयाचे अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच असते. वीस फूट म्हणजे जवळजवळ तेवढेच अंतर. याहून लहान अक्षर उत्तम डोळ्यालाही वाचता येणे कठीण. पाठ्यपुस्तकाचे पंचवीस ओळींचे पान पडद्यावर पूर्ण उंचीचे दाखविले आणि अक्षराची उंची ओळीच्या निम्मी धरली, तर ३२ इंची पडद्यावर अक्षर आठ मिलिमीटरचे येते, ४३ इंचीवर पावणेअकराचे आणि ५५ इंचीवर पावणेचौदाचे. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचा बारकावा आहे. 'की' आणि 'कीं' यांतील फरक एका टिंबाचा. ४३ इंचीवर मागच्या बाकावरचे मूल डोळे ताणून कसेबसे वाचणार. चष्म्याची गरज असूनही तो न मिळालेले मूल तर तेही वाचणार नाही.

मग इतर बाबी पाहिल्या. वर्गाला पत्रे आहेत, खिडक्यांना पडदे नाहीत, उजेड भरपूर. तेव्हा गडद काळ्या रंगाचा उपयोग नाही. मुले पडद्याच्या दोन्ही अंगांना बसतात. तेव्हा बाजूने नीट दिसणारा आय.पी.एस. प्रकार हवा. एकच पान, एकच नकाशा बराच वेळ स्थिर राहणार, तेव्हा ओ.एल.ई.डी. परवडली असती तरी ती येथे योग्य नव्हती. पहिल्या ओळीचा विचार केला तर ५५ इंचीवर फोर-केला अर्थ होता, कारण पाच फुटांवरून त्याचा ०.३२ मिलिमीटरचा ठिपका सुटा दिसत नाही.

आकडे फळ्यावर मांडले. ते वयस्कर गृहस्थ शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गुरुजींनी फळ्यावर दोन उंचींची अक्षरे लिहिली. आजोबांनी मोठी वाचली, लहान वाचता आली नाहीत. "मोठाच घ्या," एवढेच ते बोलले. आम्ही ५५ इंची संच घेतला.

घेताना काय पाहावे

माझ्या मते दुकानात जाताना आपल्याबरोबर एक पेनड्राइव्ह असावा. त्यात मराठी मजकुराचे एक पान, एक रात्रीचे दृश्य आणि माणसांच्या चेहऱ्याचे एखादे चित्र असावे. दुकानातील भडक चित्रावरून काही कळत नाही. तो रंग मुद्दाम वाढविलेला असतो. तो नेहमीच्या दर्जावर आणावयास सांगावे. पुढून पाहावे, मग चार पावले बाजूला सरकून पाहावे. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात प्रकाशाचे डाग आहेत का ते पाहावे. दाराकडे तोंड करून प्रतिबिंब किती पडते ते पाहावे. दुरुस्तीचे केंद्र कोठे आहे, हे टेंभुर्णी-माहोऱ्याच्या माणसाने तरी आधी विचारावे.

संचाच्या पाठीवर विजेचा दाब छापलेला असतो. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असे असते. असा संच शेतीपंप सुरू झाल्यावर उतरणारा दाब सहसा सोसतो. मात्र वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की वीजजोडणी आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवावीत. पत्र्याखालच्या खोलीत संच भिंतीला अगदी चिकटवू नये, मागे हवा खेळू द्यावी. समजा, संचाला १२० वॅट वीज लागते आणि तो रोज दोन तास चालतो, तर पंचवीस दिवसांत सहा युनिटे होतात. घरी पाच-सहा तास चालणाऱ्या संचाचा हिशेब याच पद्धतीने करावा.

आणखी एक बदल माहीत असावा. पूर्वी ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचावर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. त्यामुळे केवळ करासाठी लहान पडदा घेण्याचे कारण उरलेले नाही.

शेवटी जुन्या संचाविषयी. चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते. ती उकिरड्यावर फोडू नये, नदीकाठी टाकू नये. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.

थोडक्यात सांगावयाचे तर, रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्या आणि खर्च पेलणाऱ्या घराने दीपमाळ घ्यावी. दिवसाउजेडी, दार उघडे ठेवून, सगळे घर मिळून पाहणाऱ्यांनी चांगल्या कोनाचा कंदील घ्यावा. केवळ बातम्या आणि मालिका पाहणाऱ्याने साध्या कंदिलावर समाधान मानावे आणि उरलेल्या पैशांत पुस्तके घ्यावीत. आणि पैसा चारचौघांचा असेल, तर पडद्यासमोर सर्वांत दूर कोण बसणार आहे, हे पाहून मगच दुकानाची पायरी चढावी.